आधी म्हातारे गाठा, राजीनाम्याचं नंतर बघू

‘नमस्कार सर,

मी मूळचा सांगलीचा, वय ४३. बरीच वर्षं जर्सी सिटीत आहे, एका बँकेच्या आयटी विभागात नोकरी करतो. ग्रीन कार्ड झालेलं आहे. मुलाला लिटल लीगमध्ये घातलं आणि त्याच्यापायी मलाच बेसबॉलचं वेड लागलं. इथल्या एका छोट्या साप्ताहिकासाठी शाळांच्या सामन्यांचे वृत्तान्त लिहितो. मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही. आता पुस्तकं लिहायची आहेत. पहिलं पुस्तक १८ एप्रिल १९४६ या एका दिवसावर. त्या दिवशी आमच्या गावातल्या रूझवेल्ट स्टेडियमवर काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमधला आपला पहिला लीग सामना खेळला. नोकरी सोडून दोन वर्षं यालाच द्यावीत असं मनात आहे. बायको म्हणते, मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाईल, त्याचं काय?

दुसरं म्हणजे, आमच्या भागात सत्तरी ओलांडलेले एक माजी खेळाडू आहेत, मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवर, खेळलेले. म्हणतात, माझं आत्मचरित्र तू लिही, पैसे निम्मे-निम्मे, कागदबिगद काही नको. घेऊ का? आणि खरं सांगा, क्रिकेट खेळत वाढलेल्या माणसाचं बेसबॉलवरचं पुस्तक अमेरिकेत कोण वाचणार?

– जर्सी सिटीतला सांगलीकर’

प्रिय सांगलीकर,

राजीनामा देऊ नका. निदान एवढ्यात तरी नाही. हे वाक्य आधी वहिनींना वाचून दाखवा, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. पुढचं त्यांना तितकंसं रुचणार नाही, कारण येत्या शनिवारपासूनच तुम्हाला कामाला लागायचंय आणि तेही टेबलाशी बसून नव्हे.

तुम्हाला घाई आहे ती पुस्तक लिहायची. पुस्तक आणखी पाच वर्षांनी आलं म्हणून काही बिघडत नाही. पण १९४६ साली बापाचं बोट धरून त्या सामन्याला गेलेला दहा वर्षांचा पोरगा आज नव्वदीला टेकलाय. स्टेडियम तर १९८५ मध्येच पाडलं, तिथे आता घरं आहेत. म्हणजे तुमच्या हाताशी उरली ती माणसं आणि कागद. कागद पुढच्या वर्षीही मिळतील, माणसांचं सांगता येत नाही.

हे काम कसं करायचं ते लॉरेन्स रिटर यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. हे गृहस्थ क्रीडा पत्रकार नव्हतेच. न्यूयॉर्क विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९६१ मध्ये त्यांचे वडील वारले. त्याच वर्षी टाय कॉब हा बेसबॉलचा जुना दिग्गज गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे खेळाडू एकेक करून चाललेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग टेपरेकॉर्डर घेऊन त्यांनी अमेरिका आणि कॅनडा पालथा घातला. एकूण ७५,००० मैल. सॅम क्रॉफर्ड नावाच्या खेळाडूच्या शोधात ते लॉस एंजेलिसला गेले, तर क्रॉफर्डची बायको पत्ता सांगेना. इथून उत्तरेला पावणेदोनशे ते सव्वादोनशे मैलांवर कुठेतरी आहेत, इतकंच म्हणाली. रिटर निघाले. गावोगाव विचारत हिंडले, कुणाला काही माहीत नाही. शेवटी अंगावरचे कपडे मळले म्हणून एका लाँड्रोमॅटमध्ये जाऊन बसले. शेजारी एक उंच म्हातारा बसला होता. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, सॅम क्रॉफर्ड म्हणून कुणी जुना बेसबॉलपटू ठाऊक आहे का? म्हातारा म्हणाला, असायलाच हवा, कारण तो मीच आहे.

त्या गप्पांतून १९६६ मध्ये ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ हे पुस्तक आलं. बेसबॉलच्या पुस्तकांत ते आजही पहिल्या पंक्तीत बसतं. आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: रॉयल्टीतला वाटा रिटरनी त्या खेळाडूंना दिला. तुमच्या ‘निम्मे-निम्मे’वाल्या प्रश्नाकडे येताना हे लक्षात असू द्या.

तुम्हाला कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरज नाही. तुमच्या गावात जुनी चर्च आहेत, ज्येष्ठांची केंद्रं आहेत, वृद्धाश्रम आहेत. तिथे जाऊन चौकशी करा. माणूस सापडला की रॉबिन्सनपासून सुरुवात करू नका. रॉबिन्सनबद्दल त्याने नंतर इतकं वाचलेलं आणि पाहिलेलं असतं की तो तेच परत सांगेल. त्या दिवशी घरातून कुणाबरोबर निघालात, तिकीट कुणी काढलं, कुठे बसलात, शेजारी कोण होतं, हे विचारा. शक्य झालं तर नातवंडाला बरोबर बसवा. आपल्यासारख्या परक्या माणसापुढे म्हातारी माणसं जपून बोलतात, नातवंड असलं की खुलतात. आणि ध्वनिमुद्रण करण्याआधी एका साध्या कागदावर परवानगीची सही घ्या.

‘मी तिथे होतो’ असं म्हणणारे तुम्हाला ढिगाने भेटतील. त्या दिवशी तिकिटं विकली गेली ५१,८७३ आणि स्टेडियमची क्षमता त्याच्या निम्म्याच्या आसपास. महापौर फ्रँक हेग पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात तिकिटं मारायचे, हे तेव्हा जगजाहीर होतं. त्यामुळे तिकीट होतं आणि माणूस नव्हता, असंही पुष्कळांचं झालं असणार. म्हणून बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांचा तक्ता, तोंडपाठ हवा. रॉबिन्सनच्या माँट्रियल रॉयल्सनी, म्हणजे ब्रुकलिन डॉजर्सच्या दुय्यम संघाने, जर्सी सिटी जायंट्सचा १४–१ असा धुव्वा उडवला. रॉबिन्सनने पाच वेळा बॅट हातात घेऊन चार हिट्स मारले, त्यात तिसऱ्या इनिंगमधला तीन धावांचा होम रन, शिवाय दोन बेस चोरले. पळायचं नुसतं सोंग करून दोनदा पिचरला बॉक (चेंडू टाकतानाची नियमबाह्य हालचाल) करायला लावला आणि दोन्ही वेळा धाव घेतली. कुणी तुम्हाला दोन होम रन सांगितले तर अडवू नका, बोलू द्या. घरी येऊन वहीत समास सोडून लिहून ठेवा. लोक काय आणि का वाढवून सांगतात, त्याचंही एक प्रकरण होऊ शकतं.

आता तुम्हाला जी कारकीर्द हवी आहे तिच्याबद्दल. रॉजर कान यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. ब्रुकलिनचा पोरगा, १९२७चा जन्म. न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनमध्ये कॉपी बॉय म्हणून चिकटला आणि चोविसाव्या वर्षी, १९५२ मध्ये, ब्रुकलिन डॉजर्ससारख्या संघाचं वार्तांकन त्याच्याकडे आलं. १९५२ आणि १९५३ असे दोन मोसम तो त्या संघाबरोबर हिंडला. दोन्ही वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, यँकीजकडून हरले. त्यावरचं पुस्तक मात्र आलं १९७२ मध्ये, वीस वर्षांनी, कान ४४ वर्षांचे असताना. ‘द बॉईज ऑफ समर’ वाचलं नसेल तर आधी ते वाचा, मग पुढच्या गोष्टी.

त्यात डॉजर्सच्या जॉर्ज शुबाचं प्रकरण आहे. तुमच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे, कारण जर्सी सिटीतल्या त्या होम रननंतर प्लेटपाशी रॉबिन्सनचा हात हातात घेणारा पुढचा बॅट्समन तो शुबाच. गोऱ्या खेळाडूने काळ्याशी मैदानावर केलेलं ते हस्तांदोलन छायाचित्रात पकडलं गेलंय. हा शुबा बॅट इतकी सहज फिरवायचा की त्याला जन्मजात देणगी आहे असंच सगळे धरून चालत, कानसुद्धा. वर्षांनी कान त्याला ओहायोतल्या यंगस्टाउनला भेटायला गेले. शुबा तेव्हा पोस्टात नोकरी करत होता. बोलता बोलता कान त्या सहजतेचं कौतुक करायला लागले, तेव्हा शुबाने आपल्या जुन्या सरावाची हकिगत सांगितली. छताला दोरी टांगलेली, तिला गाठी मारून बॉलच्या उंचीच्या खुणा केलेल्या. सव्वा किलोची जड बॅट घेऊन हिवाळ्यात रोज रात्री ६०० वेळा फिरवायची आणि कागदावर फुल्या मारत जायचं. आठवड्याला ४,२००. त्याने ते तक्ते जपून ठेवले होते, तेही काढून दाखवले.

प्रेस बॉक्समध्ये बसून दोन मोसम रोज पाहिलेल्या माणसाला जे कळलं नाही, ते वीस वर्षांनी त्याच्या घरी गेल्यावर कळलं. रोजच्या वृत्तान्तात निकाल लिहायचा असतो, रात्री अमुक वाजता मजकूर द्यायचा असतो. त्या गडबडीत शुबा ‘सहज खेळतो’ एवढंच लिहिता येतं. पुस्तक लिहायचं तर परत जावं लागतं. त्या एका पुस्तकात असे कितीतरी आहेत. कार्ल फ्युरिलो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवत होता, बिली कॉक्स आपल्या गावी बारमध्ये दारू देत होता, रॉय कॅम्पानेला १९५८च्या मोटार अपघातापासून व्हीलचेअरवर होता. सामन्यांची वर्णनंही चांगली आहेत, पण लोक अजून ते वाचतात ते या माणसांसाठी.

म्हणून तुमचे शाळांचे सामने सोडू नका. पेट्रोलचे पैसे निघत नसले तरी. आज तुमच्या वृत्तान्तात येणारी पोरं वीस वर्षांनी कुठे असतील ते तुम्हीच बघणार आहात. वह्या जपून ठेवा, फक्त गुण नव्हे, पोरांची वाक्यंही.

मात्र कान यांची वाट आज तशीच्या तशी चालता येणार नाही. पुस्तक येईपर्यंतची मधली वीस वर्षं त्यांना नियतकालिकांनी पोसलं: न्यूजवीकमध्ये क्रीडा संपादक, पुढे सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट. त्यांचं हेराल्ड ट्रिब्यून १९६६ मध्ये मिटलं तरी दारं बाकी होती. तुमच्या शहरात जर्सी जर्नल १८६७ पासून निघत होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद पडलं, तुम्ही पाहिलंच आहे. आता वर्तमानपत्रातून मासिकात, मासिकातून पुस्तकात अशी शिडी राहिलेली नाही. बँकेची नोकरी हीच तुमची शिडी समजा. त्यात कमीपणा काही नाही. रॉजर एंजेल आयुष्यभर न्यूयॉर्कर साप्ताहिकात कथाविभागाचे संपादक होते आणि बेसबॉलवर वर्षातून थोडेच लेख लिहायचे. बिल जेम्स कॅन्ससमध्ये डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता, तिथे बसून तो आकडेवारी काढायचा. १९७७ मध्ये त्याने स्वतःच छापलेल्या पहिल्या पुस्तकाच्या जेमतेम ७५ प्रती खपल्या. पुढे बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने त्यालाच सल्लागार म्हणून घेतलं. आणि आपले द्वारकानाथ संझगिरी? मुंबई महापालिकेत अभियंता.

पैशांचं गणितही समजून घ्या. अमेरिकेत अशा पुस्तकाचं आधी प्रपोजल विकलं जातं: विषयाचं टिपण, प्रकरणांचा आराखडा, एक-दोन नमुना प्रकरणं. एजंट मिळाला तर १५ टक्के त्याचे. प्रकाशक ॲडव्हान्स देतो तो हप्त्यांनी: करार झाल्यावर, हस्तलिखित दिल्यावर, पुस्तक बाजारात आल्यावर. समजा २०,००० डॉलर ठरले. एजंटचे ३,००० वजा करून उरलेले १७,००० दोन-तीन वर्षांत सुटे सुटे येणार, त्यावर कर. बांधीव पुस्तकावर साधारणपणे पहिल्या ५,००० प्रतींना १० टक्के, पुढच्या ५,००० ना साडेबारा आणि त्यापुढे १५ टक्के रॉयल्टी असते. पण ॲडव्हान्स वसूल होईपर्यंत हातात काही पडत नाही आणि बहुतेक पुस्तकांचा तो वसूल होतच नाही. यात चौघांचा आरोग्य विमा बसवून दाखवा. बसत नाही, वहिनींचं बरोबर आहे.

जॉन फाइनस्टीन यांना इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावरच्या पहिल्या पुस्तकासाठी १७,५०० डॉलर ॲडव्हान्स मिळाला होता. १९८५-८६चा मोसम त्यांनी प्रशिक्षक बॉब नाइट यांच्यासोबत काढला, पण वॉशिंग्टन पोस्टमधून रजा घेऊन. पुस्तक तुफान खपलं आणि पुढे गोल्फ, टेनिस, बेसबॉल असं करत त्यांनी चाळीसच्या वर पुस्तकं लिहिली. तुमच्या बँकेत बिनपगारी रजेची सोय असेल तर हस्तलिखिताच्या शेवटच्या टप्प्यासाठी तीन-चार महिने मागा. आज नको, प्रपोजल विकलं गेल्यावर.

प्रपोजल घेऊन थेट मोठ्या घरांकडेच गेलं पाहिजे असं नाही. नेब्रास्का विद्यापीठाचं प्रकाशन आणि नॉर्थ कॅरोलायनातलं मॅकफार्लंड यांची बेसबॉलवरची यादी भली लांबलचक आहे. ॲडव्हान्सच्या नावाने तिथे फारशी आशा धरू नका, पण पुस्तक नीट निघतं. साबर ही बेसबॉल संशोधकांची संस्था १९७१ पासून आहे, तिचं सभासदत्व कुणालाही मिळतं. ते घ्या. त्यांच्या चरित्रप्रकल्पासाठी जर्सी सिटीच्या एखाद्या विस्मृतीत गेलेल्या खेळाडूवर लेख लिहा. तिथले स्वयंसेवक तुमची एकेक तारीख तपासतात, ते शिक्षण फुकट मिळतं.

विषयाबद्दल माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. एका दिवसाचं पुस्तक करू नका. सामना १४–१ असा एकतर्फी, त्यात चुरस नाही. रॉबिन्सनवर तर कपाटं भरून पुस्तकं आहेत. तुमच्याकडे जे इतरांकडे नाही ते म्हणजे ते गाव. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं, १९३७ मध्ये उघडलेलं स्टेडियम, हेगसाहेबांची तिकिटं, १९४६चा तो दिवस, मग १९५६ आणि १९५७ मध्ये खुद्द डॉजर्सनी, म्हणजे रॉबिन्सन पुढे ज्यांच्याकडून खेळला त्या संघाने, तिथे खेळलेले पंधरा सामने, ज्यातलं पहिलं वर्ष रॉबिन्सनचा अखेरचा मोसम, आणि १९८५ची पाडापाडी. हे स्टेडियमचं चरित्र लिहा. बराच जुना मजकूर तुमच्या शहरातल्या ग्रंथालयाच्या न्यू जर्सी दालनात मिळेल. बँकेतून सुटल्यावर जाता येईल अशी वेळ असते का ते बघा.

क्रिकेटवाल्याचं कोण वाचणार, ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. एंजेल पहिल्यांदा १९६२ मध्ये संघांचा मोसमापूर्वीचा सराव बघायला फ्लोरिडाला गेले तेव्हा खेळाडूंशी बोलायला बिचकत होते, म्हणून प्रेक्षकांत जाऊन बसले आणि तिथूनच लिहिलं. बाहेरून आलेल्याला जागा असते. फक्त पानोपानी क्रिकेटशी तुलना नको. इथल्या वाचकाला ती कळणार नाही आणि तुम्हाला ती करायचा मोह फार होईल. तुमच्यापुढचा अवघड प्रश्न वेगळाच आहे. तुम्ही काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जाऊन त्यांच्या आयुष्यातल्या एका मोठ्या दिवसाबद्दल विचारणार आहात. तू कोण आणि हे तू का लिहितोस, असं कुणीतरी विचारेलच, आणि विचारणाऱ्याचा तो हक्क आहे. उत्तर तयार करून जाऊ नका. त्याआधी त्या काळची काळ्यांची वर्तमानपत्रं वाचून जा, विशेषतः पिट्सबर्ग कुरिअर आणि त्यातलं वेंडेल स्मिथ यांचं लेखन. स्मिथ रॉबिन्सनबरोबर प्रवास करत होते, तेच हॉटेल आणि खानावळींचे नकार सोसत होते. गोऱ्यांच्या पत्रांत न सापडणारी पुष्कळ माहिती तिथे आहे.

राहिले तुमचे माजी खेळाडू. मायनर लीगमधल्या माणसाचं आत्मचरित्र कुठला प्रकाशक विकत घेईल असं मला वाटत नाही, त्यामुळे निम्मे-निम्मे म्हणजे निम्मं शून्य. त्यांना हे स्पष्ट सांगा, रागावले तरी चालेल. कुटुंबासाठी म्हणून छापायचंच असेल तर ठरावीक मानधन घ्या, अर्धं आधी. आणि कागद हवाच. तुमचं नाव कुठे येणार, टेप कुणाच्या मालकीच्या, मध्येच त्यांनी हात वर केले तर झालेल्या कामाचं काय, हे त्यात लिहा. शिवाय, त्यांनी सांगितलेलं तुम्ही तपासणार, हे वाक्य सर्वांत वर. पीट रोझ या बेसबॉलपटूचं आत्मकथन लिहिताना रॉजर कानसारख्या मुरलेल्या माणसाची काय गत झाली बघा. १९८९ मध्ये ते पुस्तक आलं, त्यात रोझने बेसबॉलवर पैज लावल्याचं साफ नाकारलं होतं. २००४ मध्ये त्याच रोझने दुसऱ्या पुस्तकात ते कबूल केलं. पहिल्या पुस्तकावर कान यांचं नाव कायमचं राहिलं.

या गृहस्थांना तोडू मात्र नका. सत्तरीतला खेळाडू १९४६चा साक्षीदार नव्हे, पण त्याला घडवणारे प्रशिक्षक, जुने पंच, स्टेडियमच्या दारावर तिकिटं फाडणारे, ही माणसं त्याला नावानिशी ठाऊक असणार. त्यांच्याबरोबर एक दुपार घालवा, फक्त नावं लिहून घ्या, आणि त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्यांच्याच फोनवरून फोन लावायला सांगा.